निवृत्तीची पुंजी मोडून पुन्हा विद्यार्थी व्हावं का?

तुम्ही लिहिता: वय 44, एकोणीस वर्षं एकाच कंपनीत प्रेशर व्हेसलचं, म्हणजे आत वायू किंवा द्रव दाबाखाली ठेवणाऱ्या टाक्यांचं डिझाइन, आणि ‘बाहेर मला कोण विचारणार’ ही धास्ती. म्हणून नोकरी सोडून डेटा सायन्सचा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम करायचा, फी आणि घरखर्च निवृत्तीच्या पुंजीतून भागवायचा. घरकर्ज अजून अकरा वर्षं फेडायचंय.

माझं मत: पुंजीला हात लावू नका.

फी वर्षाच्या पगाराएवढी आहे म्हणता. त्यात दोन वर्षांचा बुडालेला पगार मिळवा, तो सगळेच विसरतात. झाला तीन वर्षांचा पगार. नव्या नोकरीत 20 टक्के जास्त मिळतील असं धरलं (46 व्या वर्षी नवख्याला मिळतीलच असं नाही) आणि पुढची पगारवाढ दोन्हीकडे सारखी मानली, तर हा खड्डा भरायला पंधरा वर्षं लागतील. तेव्हा तुम्ही 61 वर्षांचे असाल. शिवाय आज काढलेली रक्कम 8 टक्क्यांनी वाढत राहिली असती, तर 62 व्या वर्षी साधारण चौपट झाली असती.

तुम्ही अडकलात हे मात्र मला पटतं. एकाच मालकावर सगळी मिळकत, ही जोखीमच आहे. पण ती कमी करायला सगळं सोडायची गरज नाही. एएसएमईच्या सेक्शन आठचे, म्हणजे प्रेशर व्हेसलच्या अमेरिकी नियमावलीचे हिशेब हातात बसलेला माणूस हीट एक्स्चेंजरकडे (एका प्रवाहातली उष्णता दुसऱ्याला देणारी उपकरणं) किंवा तपासणीकडे सहज वळू शकतो. एपीआय 510 ही प्रेशर व्हेसल तपासनीसांची परीक्षा नवख्याला देता येत नाही, तिला तपासणीच्या कामाचा अनुभव लागतो. तो मिळेल अशी बदली कंपनीतच मागून पाहा.

डेटा सायन्स खरंच आवडतं का, तेही स्वस्तात कळेल. संध्याकाळच्या वर्गात पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिका आणि जुन्या व्हेसलच्या जाडीच्या नोंदींवरून झीज किती, आयुष्य किती उरलं, ते काढून बघा. नोंदी वापरायला आधी साहेबांची परवानगी घ्या. शिकण्यावर वर्षाच्या पगाराच्या 5 टक्क्यांहून जास्त खर्च नको.

हप्त्यासकट नऊ महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत राजीनाम्याचा विषय नको. हातात येणाऱ्या पगारातला किती भाग हप्त्यात जातो, ते तुम्ही लिहिलेलं नाही. 40 टक्क्यांच्या वर असेल, तर नऊऐवजी बारा महिने धरा.