पोरगा म्हणतो समुद्री चाच्यांमध्ये लपून फिल्म बनवतो

ताई, पत्र वाचलं. राळेगाव तालुक्यातलं तुमचं पोरगं बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, आणि आता म्हणतंय की सोमालियात जाऊन ओळख लपवून समुद्री चाच्यांमध्ये राहतो आणि डॉक्युमेंटरी बनवतो, तुमची झोप उडणारच. डॉक्युमेंटरीचं वेड चांगलंय, पण ते ‘ओळख लपवून’ आहे ना, सगळं तिथंच फसतं.

तिकडं माणूस भेटला की आधी कोणत्या कुळाचा हे बघतात, सोमाली न येणारं आपलं पोट्टं तिथं लपणार कसं? चाच्यांशी बोलायला गेलेले पत्रकारही ओळखीचा स्थानिक माणूस अन् बंदूकवाले गार्ड घेऊन जातात. तरी मायकल स्कॉट मूर हा पत्रकार जानेवारी २०१२ मध्ये सोमालियातल्या गालकायो शहरात सोबतच्या डॉक्युमेंटरीवाल्याला एअरपोर्टवर सोडून परतताना उचलला गेला, सुटला थेट सप्टेंबर २०१४ मध्ये. पोराला हे वाचायला द्या, रागावू नका.

अन् चाच्यांसाठी सोमालियाच कशाला? मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलानं चाच्यांनी पळवलेल्या ‘रुएन’ जहाजावरून ३५ सोमाली चाचे पकडून मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले. कोर्टात कॅमेरा नेता येत नाही, पण अशा केसमध्ये वकील असतात, दुभाषी असतात, त्यांच्याशी बोलता येतं. चाचे बनले कसे, परदेशी ट्रॉलरनी आमचे मासे लुटले म्हणून चाचे झालो असं सांगतात तो भाग किती खरा अन् किती बहाणा, हे समजायला तेवढं पुष्कळ आहे.

छुपा कॅमेरा हा शेवटचा उपाय असतो, तोही मागं संपादक अन् वकील उभा असला तर. नवख्यानं आधी उघडपणे विश्वास कमवायला शिकावं. तुमच्याकडं चोरबीटीचा, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणाऱ्या कापसाच्या चोरट्या बियाण्याचा विषय आहेच की, मान्यता नाही तरी पाकिटं गावात येतात, शेतकरी निंदणाच्या मजुरीपायी घेतो. आता त्याचा चेहरा दाखवला तर केस त्याच्यावरच होणार, मग फिल्म कशी करायची? हे कोडं ज्याला सुटलं त्याला पुढं चाच्यांचंही जमेल.

ग्रॅज्युएशन मात्र पूर्ण होऊ द्या, पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेला किंवा दिल्लीच्या जामिया विद्यापीठाला त्याशिवाय दिग्दर्शनाकडं जाता येत नाही, शाखा कोणतीही चालते, एन्ट्रन्स असते. कॅमेऱ्यासाठी कापूस घाईत विकू नका बरं, मोबाईल पुरतो. खर्च करायचाच तर कॉलर माईक घ्या, चित्र हललेलं लोक चालवून घेतात, आवाज खरखरला की बंद करतात.