१३ वर्षांच्या मुलाला अल्कराझची रॅकेट घ्यावी का?

मुलगा १३ वर्षांचा, तीन वर्षं टेनिस खेळतोय, स्पेनचा टेनिसपटू कार्लोस अल्कराझ वापरतो तशी रॅकेट हवी म्हणून हटून बसलाय, आणि दुकानदार म्हणतो की घेऊन टाका, पुढची पाच वर्षं बघायला नको. घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: आत्ता नको. आणि जी कुठली घ्याल, तिच्या फ्रेमपेक्षा गटिंगकडे, म्हणजे जाळी ताणून बसवण्याकडे, जास्त लक्ष द्या.

मी पुण्यात राहतो आणि गेली अकरा वर्षं घरच्या मशीनवर मुलांच्या रॅकेटचं गटिंग करून देतो. पालक फ्रेमवर भरपूर खर्च करतात आणि जाळीचं विचारलं की म्हणतात, "टाका कुठलीही." चेंडूला लागते ती जाळीच.

१९९७ साली जागतिक क्रमवारीत ६६वा असलेला ब्राझीलचा गुस्तावो कुएर्तेन फ्रेंच ओपन जिंकला. त्याच्या रॅकेटमध्ये लक्सिलॉन या बेल्जियन कंपनीची पॉलिएस्टर स्ट्रिंग होती. तोवर बहुतेक मोठे खेळाडू जनावराच्या आतड्यापासून केलेली नॅचरल गट वापरायचे. पॉलिएस्टर कडक आणि गुळगुळीत असते. जोरात फटका मारला की उभ्या स्ट्रिंग बाजूला सरकतात, झटक्यात जागेवर येतात आणि चेंडूला जबर टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेची फिरकी, देतात. मग जीव खाऊन मारलं तरी चेंडू रेषेच्या आतच पडतो. नदालचा फोरहँड असा चालायचा. पण हे घडायला हातही तितक्याच वेगाने फिरावा लागतो. १३ वर्षांच्या मुलाचा तेवढा फिरत नाही. फिरकीचा फायदा फारसा होत नाही आणि हादरा थेट कोपरात जातो.

हे मी माझ्या मुलीच्या हातावरून शिकलो. ती बारा वर्षांची असताना मी तिच्या रॅकेटला पूर्ण पॉलिएस्टर लावली, तीही ५५ पौंडांच्या ताणाला, कारण नदाल तेवढीच ताणायचा. दीड महिन्यात तिचं कोपर दुखायला लागलं. ती सांगत होती आणि मला वाटत होतं की सरावाचा कंटाळा आलाय. पुढे चार महिने तिने रॅकेट हातात धरली नाही. ते चार महिने मी अजून विसरलेलो नाही.

पॉलिएस्टरचं आणखी एक आहे. ती लवकर तुटत नाही, म्हणून पालक खूश असतात. पण न तुटताही तिचा ताण उतरत जातो आणि ती निर्जीव होते. व्यावसायिक सामन्यात पहिल्या सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमनी नवे चेंडू येतात. त्या वेळी कित्येक खेळाडू ताजी जाळी असलेली रॅकेट बाहेर काढतात, ते उगाच नाही. आपली मुलं तीच जाळी आठ महिने ओढतात.

आता फ्रेमबद्दल. अल्कराझची म्हणून दुकानात मिळणारी बॅबोलाट कंपनीची प्युअर एरो, जाळीचा भाग ९८ चौरस इंचांचा, जाळीशिवायच ३०५ ग्रॅम भरते. ती मोठ्या माणसाच्या खांद्यासाठी आहे. फेडररचंच बघा. वर्षानुवर्षं ९० चौरस इंचांच्या छोट्या रॅकेटने तो जिंकत आला. २०१३ नंतर ती त्याने सोडली आणि ९७ची घेतली. २०१७च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात, पाचव्या सेटमध्ये १-३ने मागे असताना, ३५ वर्षांच्या फेडररने नदालच्या उसळत्या चेंडूंवर जे बॅकहँड मारले, ते मी आजही पुन्हापुन्हा बघतो. इतकी वर्षं जिवाभावाची असलेली रॅकेटसुद्धा त्याने गरज पाहून बदलली.

मुलाचं मन मोडायची गरज नाही. त्याच प्युअर एरोमध्ये 'टीम' नावाची २८५ ग्रॅमची आणि 'लाइट' नावाची २७० ग्रॅमची रॅकेट येते. उंची पाच फुटांच्या वर असेल तर २७ इंची घ्या, नाहीतर अजून वर्षभर २६ इंची चालेल. मुठीची जाडी बघताना रॅकेट धरायला सांगा. बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट बसलं पाहिजे.

जाळी मल्टिफिलामेंट, म्हणजे अनेक बारीक धाग्यांची मऊ स्ट्रिंग, लावा, ४८ ते ५० पौंडांना. चेंडू फार उडतोय म्हणाला तर दोन पौंड वाढवा. आठवड्यातून जितके दिवस खेळतो तितक्या वेळा वर्षात गटिंग करा, हा जुना हिशोब मला अजून पटतो. पुढे अंगात ताकद आली आणि दर दोन-तीन आठवड्यांनी जाळी तुटायला लागली, की पॉलिएस्टरचा विचार करा, तोही आधी फक्त उभ्या किंवा फक्त आडव्या स्ट्रिंगसाठी.

आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय असं तो एकदा जरी म्हणाला, तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवा. सामना दुसऱ्या दिवशी असला तरी.