पृथ्वीला खरंच दुसरा चंद्र मिळालाय का?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की पृथ्वीला दुसरा चंद्र मिळाला, नासाने जाहीर केलं आणि तो २०८३ पर्यंत राहणार. मुलगी सहावीत आहे, रोज रात्री गच्चीवर जाऊन शोधतेय. खरं काय आहे? आणि आपल्यावर आदळणार तर नाही ना?
– एक आई, सातारा

उत्तर: ताई, मेसेजमधला दगड खरा आहे, पण तो चंद्र नाही. त्याचं नाव २०२५ पीएन७, ऑगस्ट २०२५ मध्ये हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला सापडला, आकार जेमतेम २० मीटरच्या आसपास. २०८३ चा हिशोब माद्रिदच्या खगोलशास्त्रज्ञांनी मांडलाय, आणि त्यांच्या मते तो १९६० च्या दशकापासूनच असा आपल्यासोबत फिरतोय, म्हणजे "मिळाला" असं काही आत्ता घडलेलं नाही.

हे असे दगड पृथ्वीभोवती फिरतच नाहीत, ते सूर्याभोवती फिरतात, फक्त त्यांचं वर्ष जवळपास आपल्याएवढंच असतं. याच जातीतला जास्त अभ्यासलेला म्हणजे कामोओआलेवा, २०१६ मध्ये त्याच दुर्बिणीला सापडलेला. त्याची कक्षा थोडी लांबट, सूर्यापासून कधी साधारण १३.४ कोटी किमी तर कधी १६.५ कोटी, आणि आपण मधे १५ कोटींवर. आत असताना तो जोरात पळतो आणि आपल्या पुढे जातो, बाहेर गेला की मंदावतो आणि मागे पडतो. मुलीला सांगा, मैदानाला फेऱ्या मारताना तू ट्रॅकच्या मधोमध एका चालीने चालतेस आणि मैत्रीण आधी आतल्या कडेने तुला गाठून पुढे जाते, मग बाहेरच्या कडेला येऊन मागे राहते, दोघींची फेरी एकाच वेळात पूर्ण होते, पण तुला वाटेल ती तुझ्याभोवतीच गोल फिरतेय. अगदी तसंच. शिवाय त्याची कक्षा जवळपास ८ अंश कललेली आहे, त्यामुळे तो वर-खालीही होत राहतो.

पृथ्वीची पकड साधारण १५ लाख किमीपर्यंतच, त्यापलीकडे सूर्याचंच चालतं. कामोओआलेवा चंद्राच्या अंतराच्या ३८ पटीपेक्षा जवळ येत नाही, म्हणजे १.४ कोटी किमीच्या वर, आणि १०० पटीच्या पलीकडेही जात नाही कारण दरवर्षी थोडाथोडा सरकत फार लांब गेला की पृथ्वीचं ओढणं, कितीही हलकं असलं तरी, त्याला परत फिरवतं. तेव्हा आदळायची भीती मनातून काढून टाका, निदान पुढची काही शतकं तरी.

गच्चीवरून मात्र काहीच दिसणार नाही. कामोओआलेवा ४० ते १०० मीटरचा, एप्रिलच्या सुमाराला काही आठवडे मोठ्या दुर्बिणींना कसाबसा सापडतो, जुन्नरजवळच्या गिरवलीच्या २ मीटर दुर्बिणीलाही जड जाईल इतका अंधुक. तो २८ मिनिटांत स्वतःभोवती एक गिरकी घेतो, म्हणजे तिथला दिवस शाळेच्या एका तासापेक्षाही छोटा, हे मुलीला नक्की सांगा!

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. २०२१ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या टीमने त्याच्यावरून येणारा प्रकाश तपासला तर तो नेहमीच्या लघुग्रहांपेक्षा अपोलोने आणलेल्या चंद्रावरच्या दगडांशी जास्त जुळला. म्हणजे चंद्रावर कधीतरी काहीतरी जोरात आदळून उडालेला हा तुकडा असू शकतो, २०२४ मध्ये काही संशोधकांनी तर चंद्राच्या पलीकडच्या बाजूचं जिओर्दानो ब्रुनो हे २२ किमीचं विवरही सुचवलं. चीनचं तियानवेन-२ यान मे २०२५ मध्ये याच दगडाकडे निघालं, जुलै २०२६ मध्ये गाठायचं आणि २०२७ च्या शेवटी नमुना पृथ्वीवर आणायचा अशी योजना आहे. एवढ्याशा, गरगरणाऱ्या आणि गुरुत्व जवळपास नसलेल्या दगडावरून माती उचलणं सोपं नाही, पण ती आली तर अपोलोच्या दगडांशेजारी ठेवून थेट ताडून बघता येईल, तोपर्यंत चंद्राचा तुकडा हा फक्त अंदाजच समजा.