वाचकांचे प्रश्न: जखमी हरणाच्या मागावर कुत्रा

प्रश्न: ताई, आम्ही न्यूयॉर्क राज्यात इथाकाच्या जरा बाहेर राहतो, घरामागे थोडी झाडी आहे. परवा संध्याकाळी एक शिकारी दारात आला, म्हणे शेजारच्या रानात हरणाला बाण लागलाय, ते तुमच्या झाडीत शिरलंय, उद्या सकाळी माग काढणारा कुत्रा आणू का. मिस्टर हो म्हणाले. आम्ही शाकाहारी, घरात दोन लहान मुलं, मला रात्रभर झोप नाही. कुत्रं मोकळं सोडतात का? रात्रभर का थांबायचं? आणि जखमी जिवामागे परत कुत्रं लावणं क्रूर नाही का?

उत्तर: मिस्टरांनी हो म्हटलं ते बरंच झालं. शिकार तुम्हाला पटो न पटो, बाण आधीच लागलाय, आता प्रश्न एवढाच की ते हरीण कुठेतरी झुडपात दोन दिवस तडफडत राहणार की सापडणार.

कुत्रं मोकळं सोडत नाहीत. तुमच्या राज्यात कायदाच तसा आहे, कुत्रा पट्ट्यावर पाहिजे आणि माणसाकडे त्यासाठीचं लायसन्स पाहिजे, ते बिनधास्त बघायला मागा. हे सगळं तिथे सुरू झालं जॉन जॅनीनी नावाच्या माणसामुळे. त्यांनी 1976 साली राज्याच्या पर्यावरण खात्याकडून खास परवानगी काढून राठ केसांच्या डॅशहाउंड जातीच्या कुत्र्यांना घेऊन माग काढायचे प्रयोग केले, 1978 मध्ये डिअर सर्च ही स्वयंसेवकांची संस्था उभी राहिली आणि 1986 मध्ये कायदा झाला. त्याआधी हरणामागे कुत्रा नेणं म्हणजे गुन्हाच, कारण कुत्र्यांनी हरणं पळवून मारायची जुनी पद्धत बंद केलेली होती आणि कुत्रा म्हटलं की अधिकाऱ्यांना तेच आठवायचं.

शिकारी रात्रभर थांबला म्हणजे बहुतेक बाण पोटात लागलाय. फुफ्फुसात लागला तर गुलाबीसर, फेसाळ रक्त दिसतं आणि हरीण जवळच पडतं. लिव्हरला लागला तर रक्त गडद असतं. पोटात लागला तर रक्त अगदी थोडं, बाणाला हिरवट घाण आणि उग्र वास. असं हरीण थोडं अंतर जाऊन बसतं, आणि लगेच मागे गेलात तर उठून लांब पळतं, मग ना रक्त ना पत्ता, म्हणून सात-आठ तास, कधी त्याहून जास्त थांबतात. थांबणं ऐकायला निर्दयी वाटतं पण घाई केली तर त्याचेच हाल वाढतात.

सकाळी मुलांना घरातच ठेवा, कारण हरीण जिवंत सापडलं तर ते तिथेच संपवतील. आणि तुम्ही स्वतः आधी झाडीत शोधायला जाऊ नका प्लीज, बुटांना लागलेलं रक्त सगळीकडे पसरतं आणि कुत्र्याची पंचाईत होते.

प्रश्न: रक्त पडलंच नाही तर कुत्रा काय हुंगतो? (याच विषयावर, न्यू जर्सीहून)

उत्तर: खुरांचा वास. हरणाच्या खुराच्या दोन फाकांमध्ये ग्रंथी असते, प्रत्येक पावलाला तिचा वास जमिनीवर राहतो आणि तयार कुत्रा या हरणाचा वास दुसऱ्या हरणांच्या वासातून वेगळा काढतो, मला तर यातलं हेच सगळ्यात थोर वाटतं. शिकवताना बाटलीतून हरणाचं रक्त थेंब थेंब टाकत माग आखतात, कधी बुटांना हरणाचे खूर बांधून चालतात, मग तो माग रात्रभर शिळा होऊ देतात आणि शेवटी कातड्याचा तुकडा बक्षीस म्हणून ठेवतात. खऱ्या मागावर हरीण उलटं फिरलेलं असलं की कुत्रा एकदम गडबडतो, मान वर करतो, गोल फिरतो. तेव्हा चांगला माणूस पट्टा ओढत नाही, शेवटच्या खात्रीच्या थेंबाजवळ केशरी फीत बांधलेली असते तिथे कुत्र्याला परत नेतो आणि गप्प उभा राहतो, कारण नाक कुत्र्याला आहे, आपल्याला नाही.

जर्मनीत तर जखमी जनावराला यातनेत सोडायचं नाही असं शिकारीच्या कायद्यातच आहे आणि हॅनोव्हर, बव्हेरियाकडच्या कुत्र्यांच्या जातीच या कामासाठी तयार केल्यात.

प्रश्न: आमचा गावठी कुत्रा हुशार आहे, त्याला हे शिकवता येईल का? (चंद्रपूरहून)

उत्तर: नाक त्याचं नक्की चांगलं असणार, पण आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे हे काम इथे नाही. इथे उलट दिशेचं काम आहे. वन्यजीवांच्या चोरट्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेने 2008 पासून कुत्रे तयार करायला घेतले, ते वाघाचं कातडं, हाडं, हस्तिदंत हुंगून काढतात, महाराष्ट्राच्या वनखात्याकडेही असे कुत्रे आहेत. तुमच्याला घरच्या अंगणात चिकनचा तुकडा ओढत नेऊन लपवा आणि शोधायला लावा, खूश होईल. फक्त ताडोबाच्या बफरकडे त्याला नेऊ नका, तो चितळामागे धावेल, बिबट्या त्याच्या मागे लागेल, आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार वाघालाही होतो, त्यामुळे लसीकरण राहिलं असेल तर ते याच आठवड्यात करून घ्या.