वाचकांचे प्रश्न : निवाऱ्यातले वाघ, बिबटे आणि सर्व्हल

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो, तेव्हा आर्कान्सातल्या युरेका स्प्रिंग्जजवळचा टर्पेंटाइन क्रीक हा निवारा पाहिला. वाघ चांगले धष्टपुष्ट होते. मग त्यांना जंगलात का सोडत नाहीत? (डोंबिवली)

उत्तर : ते जंगलातून आलेलेच नाहीत. हा निवारा १९९२मध्ये सुरू झाला. तिथले प्राणी घरी वाघ पाळणाऱ्यांकडून, रस्त्याकडेच्या प्राणिसंग्रहालयांतून आणि बछड्याला मांडीवर घेऊन फोटो काढू देणाऱ्या धंद्यांतून येतात. फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या बिग कॅट रेस्क्यू या निवाऱ्यानेही २०२३पासून आपले प्राणी तिथे हलवायला सुरुवात केली. अशा वाघांच्या कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच वाढतात, त्यात बंगाली आणि सैबेरियन रक्ताची सरमिसळ असते. शिकार शिकवायला आई नव्हती, आणि माणूस दिसला की जेवण येतं एवढंच त्यांना ठाऊक. सोडला तर असा वाघ भूक लागली की वस्तीकडेच येईल.

शिवाय अनेकांची नखं काढलेली असतात. नख काढणं म्हणजे बोटाचं शेवटचं हाड छाटणं. हाडाचा तुकडा आत राहिला तर त्यातून नख वाकडं वाढतं आणि पू होतो. पंजा दुखतो म्हणून चाल बदलते आणि सांधे झिजतात. अशा वाघाला उडी मारून चढायच्या फळीऐवजी कमी चढाचा उतार आणि झोपायला जाड गवत द्यावं लागतं.

प्रश्न : गोरेवाड्यातल्या वाघांच्या मृत्यूनंतर कोंबडी देणं धोक्याचं असल्याचं वाचलं. शिजवून दिली तर चालेल का? आणि एका वाघाला नेमकं किती लागतं? (नागपूर)

उत्तर : चालेल, पण नुसती शिजवून भागत नाही.

आधी धोका किती मोठा आहे ते पाहा. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, तपासणीत एच५एन१ बर्ड फ्लू निघाला. त्याच सुमारास अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात शेल्टनमधल्या एका केंद्रातली वीस रानमांजरं याच आजाराने गेली. थायलंडमध्ये २००४ साली एका व्याघ्र उद्यानात ४४१पैकी १४७ वाघ मेले किंवा त्यांना मारावं लागलं. त्यांना कच्ची कोंबडी घातली जात होती. मांस गोठवलं की सुरक्षित झालं, हा समज घातक आहे. थंडीत हा विषाणू उलट जास्त टिकतो. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला तापलं पाहिजे, आणि ते थर्मामीटर खुपसूनच बघायचं, रंगावरून नाही.

शिजवण्याआधी हाडं काढा. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन त्याचे अणकुचीदार तुकडे पडतात आणि आतड्याला भोक पाडू शकतात. पण हाडं गेली की कॅल्शियमही गेलं. बिनहाडाच्या एक किलो मांसात फॉस्फरस सुमारे २ ग्रॅम असतो आणि कॅल्शियम जेमतेम ०.१ ग्रॅम. मांजरवर्गाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम असतं, म्हणून किलोमागे सुमारे ६ ग्रॅम पूड मांसात नीट कालवायची. वाढत्या बछड्यांना नुसतं मऊ मांस घालण्याची चूक सर्रास होते. शरीर मग आपल्याच हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं, पाय धनुष्यासारखे वाकतात आणि साध्या उडीत हाड मोडतं.

टॉरिन हे मांसातलं, मांजरवर्गाला अत्यावश्यक असलेलं पोषकद्रव्यही सांभाळा. ते पाण्यात विरघळतं, म्हणून शिजवलेलं पाणी फेकू नका, मांसावरच ओता. टॉरिन कमी पडलं की हृदय फुगतं आणि नजर जाते.

प्रौढ वाघाला दिवसाला साधारण ५ ते ७ किलो मांस आणि बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एक दिवस उपास. शक्य असेल तिथे कोंबडीऐवजी तपासलेलं म्हशीचं किंवा बकऱ्याचं हाडासकट कच्चं मांस द्यावं, त्याने दातही साफ राहतात. गोठवलेलं मांस ४ अंशांच्या शीतकपाटात वितळू द्या, उन्हात बादलीत ठेवून नाही. आणि उरलेलं रोज तोला! वाघ आजारी आहे हे आधी त्या तराजूवर कळतं.

प्रश्न : पांढऱ्या वाघाचे डोळे तिरळे का असतात? (नांदेड)

उत्तर : पांढऱ्या रंगाचं जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. रंगद्रव्याच्या या दोषाबरोबर डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची जोडणीही चुकते. पिंजऱ्यातले बहुतेक पांढरे वाघ पूर्वीच्या रीवा संस्थानाच्या प्रदेशात १९५१ साली पकडलेल्या मोहनचे वंशज आहेत. रंग टिकवण्यासाठी त्याची जोडी त्याच्याच मुलीशी लावली गेली. ही वेगळी जात नाही, आणि संवर्धनाच्या नावाखाली त्यांची पैदास करणं आम्हाला मुळीच मान्य नाही.

प्रश्न : बचाव केंद्रात हंगामी कामाला आहे. बिबट्याचा पिंजरा धुताना क्रम काय ठेवावा? (कोल्हापूर)

उत्तर : एकट्याने कधीच नाही. पिंजऱ्याचे दोन कप्पे हवेत आणि मधला सरकता दरवाजा बाहेरून तारेने ओढता आला पाहिजे. मांसाचा तुकडा दाखवून बिबट्याला दुसऱ्या कप्प्यात घ्या, दरवाजा पाडा, खिट्टी घाला, कुलूप लावा आणि ओढून पाहा. मग जोडीदाराने बिबट्या प्रत्यक्ष पाहून मोठ्याने सांगायचं. ‘असेल तिकडेच’ हे चालणार नाही. आत जाताना दुहेरी दारांपैकी पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. बाहेर आल्यावर दोन्ही कुलपं लावायची आणि मगच सरकता दरवाजा वर घ्यायचा.

चूक बहुधा दरवाजाच्या खाचेत होते. तिथे गवत किंवा विष्ठा अडकली की दरवाजा खाली आल्यासारखा दिसतो, पण चार बोटं फट राहते आणि तेवढ्यात पंजा घालून बिबट्या तो उचलतो. कॅलिफोर्नियात २०१३मध्ये अर्धवट लागलेल्या दारातूनच सिंह बाहेर आला आणि आत काम करणारी तरुणी त्याच्या हल्ल्यात मारली गेली. खाच रोज खरवडा. तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला तर ती बदला, आणि तोवर आत जायला साफ नकार द्या.

प्रश्न : सर्व्हलचं पिल्लू विकत मिळतंय. घेऊ का? (नाशिक)

उत्तर : घेऊ नका. सर्व्हल हे आफ्रिकेतलं लांब पायांचं रानमांजर आहे. उभ्या जागेवरून दोन-अडीच मीटर उंच उडी मारतं आणि वयात आलं की पडद्यांवर, गादीवर मूत्राची फवारणी करतं. नसबंदी केली तरी ती थांबतेच असं नाही. अमेरिकेच्या २०२२च्या कायद्याने वाघ-सिंह, बिबटे, चित्ते खासगीरीत्या बाळगण्यावर बंदी आली, पण सर्व्हल त्यात नाही, त्यामुळे कंटाळलेल्या मालकांचे सर्व्हल अजून निवाऱ्यांच्या दारात येतात. भारतात असा परदेशी प्राणी बाळगायचा तर केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. विकणाऱ्याकडे आयातीची कागदपत्रं मागून पाहा. नसली, तर वनविभागाला कळवा.