दुसरीत आहे, पण वाचता येत नाही, थांबावं का?

"मॅडम, पोरगं हुशार आहे. दुकानातून सुट्टे पैसे मोजून आणतं, मोबाईलमधलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण दुसरीची दिवाळी झाली तरी वाचता येत नाही. शाळेत म्हणतात, येईल हळूहळू. सासूबाई म्हणतात, त्याचा बापही चौथीपर्यंत वाचत नव्हता, आता गिरणी चालवतोयच ना! मग मी थांबू का?"

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातल्या आईचा हा प्रश्न. थोड्याफार फरकाने तो मला इतके पालक विचारतात की उत्तर आधीच सांगून टाकते. थांबू नका. आणि घाबरून 'अध्ययन अक्षमते'च्या (हुशार असूनही वाचन-लेखन शिकणं जड जाण्याच्या) निदानाचा कागद मिळवायलाही धावू नका. या दोन्हींच्या मधे करण्यासारखं पुष्कळ असतं. ते या मुलाच्या निमित्ताने सांगते. त्याला ओम म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत ओमने मराठीच्या पुस्तकातला धडा घडाघडा म्हणून दाखवला. बोट ओळीवरून फिरत होतं, पण बोट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचं वाक्य येऊन गेलं. सगळा धडा पाठ होता. हे मी वाईट मानत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याने वर्गात अब्रू राखण्यासाठी शोधलेली ही युक्ती असते आणि तिला चांगली स्मरणशक्ती लागते. त्यामुळे मोठ्यांची मात्र फसगत होते. म्हणून घरी तपासायचं असेल तर मुलाने कधीही न पाहिलेला मजकूर द्या. केंद्र सरकारच्या २०२१ च्या 'निपुण भारत' अभियानातही अपेक्षा ओळखीच्या धड्याची नाही, अनोळखी मजकुराचीच आहे: पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं, दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द.

मी कागदावर घर, नळ, कमळ लिहिलं. अक्षर अक्षर लावत त्याने वाचलं. 'पाणी'ला अडखळला. 'किती'चं 'कती' झालं, 'फुले'चं 'फल'. म्हणजे मुळाक्षरं येत होती, काना-मात्रा-वेलांटी आली की गाडी थांबत होती. मग पुस्तक बाजूला ठेवून नुसता तोंडी खेळ घेतला. 'कमळ'मधला क काढला तर काय उरतं? 'मळ', लगेच उत्तर. आता 'की'चा 'कू' कर. ओम गप्प झाला, मग ओठातल्या ओठात क, का, कि, की, कु… असं म्हणत 'कू'पर्यंत पोहोचला.

मला हवी ती माहिती इथे मिळाली. बाराखडी त्याच्याकडे गाण्यासारखी होती. सुरुवातीपासून म्हटली तरच हवं ते अक्षर सापडायचं, आणि 'की' न् 'कू' यांत क तोच आहे, फक्त स्वर बदललाय, हे त्याच्या कानाला वेगळं जाणवत नव्हतं. हे जाणवलं नाही तर 'पू', 'मू', 'टू' ही प्रत्येक वेळी नवीच चित्रं. व्यंजनं आणि बारा स्वरांची चिन्हं यांचा गुणाकार केला तर चारशेच्या आसपास आकार होतात. एवढी चित्रं कुणी पाठ करायची? त्यातही पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर.

आजींनी दिलेला दिलासा मात्र माझ्या वहीत वेगळ्या कारणाने उतरला. वडिलांनाही वाचन उशिरा आलं, हे ऐकून घरचे निश्चिंत होतात. वाचनाच्या अडचणी घराण्यात चालत येतात, त्यामुळे मला ती जास्त लवकर हात घालण्याची सूचना वाटते. वडील हसत म्हणाले, "मी अजून पेपर वाचत नाही, व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेजच पाठवतो." आजींच्या म्हणण्यातलं 'आता सगळं ठीक आहे' हे तितकंसं खरं नव्हतं.

डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगितलं. दोन्ही ठीक निघाले. हे आधी करायचं, कारण कानाचं दुखणं वर्गात 'लक्ष नाही' म्हणून खपून जातं.

मग 'हळूहळू येईल' हे कधी खरं असतं? काही प्रमाणात असतंच. आपली लिपी शिकायला वेळ लागतो. वाचनाच्या अभ्यासक सोनाली नाग यांनी कन्नड शाळांमधल्या मुलांचा जो अभ्यास केला त्यातही अक्षरांचा सगळा संच पक्का व्हायला प्राथमिक शाळेतली बरीच वर्षं जातात असं दिसलं. त्यामुळे दुसरीतल्या मुलाला 'राष्ट्र' किंवा 'आश्चर्य' वाचता आलं नाही तर मी कपाळाला आठी घालत नाही. पण दुसरीच्या दिवाळीला काना आणि वेलांटी येत नसेल आणि दोन महिन्यांपूर्वी जिथे होता तिथेच मूल असेल, तर ते हळू चालत नाहीये, अडकलंय. हळू चालणाऱ्याला वेळ पुरतो, अडकलेल्याला पुरत नाही.

न पुरण्याचं कारण सोपं आहे. जो वाचू शकतो तो वाचतो, वाचून आणखी सराईत होतो. ज्याला जमत नाही तो टाळतो. तिसरीपासून परिसर अभ्यास येतो, गणितात शाब्दिक उदाहरणं येतात, आणि वाचन न येणारा मुलगा एकदम सगळ्याच विषयांत 'कच्चा' ठरतो. संशोधक कॉनी ज्युएल यांनी टेक्सासमधल्या एका शाळेतली ५४ मुलं पहिली ते चौथी पाहिली आणि १९८८ साली निष्कर्ष मांडले: पहिलीच्या शेवटी वाचनात मागे असलेलं मूल चौथीतही मागेच असण्याची शक्यता शंभरात ८८. भाषा इंग्रजी, देश वेगळा, हे मान्य. पण आपल्याकडे चित्र फार सुखाचं आहे असंही नाही. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या पाच मुलांपैकी जेमतेम एकाला दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. एवढी सगळी मुलं काही अध्ययन अक्षम नसतात. बहुतेकांना जिथे अडलं तिथे कुणी भेटलेलंच नसतं.

ओमच्या आईने तोवर उपाय केला होता: रोज दोन पानं शुद्धलेखन. वही सुंदर होती. पण पाहून उतरवणं हे हाताचं काम. पूर्ण पान उतरवूनही त्यातला एक शब्द वाचता येत नाही अशी मुलं मी कितीतरी पाहिली आहेत. ते बंद करायला सांगितलं, तेव्हा माय-लेक दोघांचेही चेहरे खुलले.

त्याऐवजी काय केलं? ओमला पक्की येणारी सात-आठ अक्षरं घेतली आणि फक्त काना. मन-मान, कर-कार, गड-गाड, अशा जोड्या. एका वेळी एकच चिन्ह, ते वेगवेगळ्या अक्षरांना लावून, क्रम मोडून. 'म'ला काना, 'ल'ला काना, 'स'ला काना. बाराखडीच्या आडव्या ओळीऐवजी उभी चढण. ते जमल्यावर दुसरी वेलांटी, मग मात्रा. पहिला शब्द कठीण वाटला की आधी तोंडी खेळ, मग कागद. आणि रोज शेवटी ओम बोलेल ते वाक्य मी किंवा आई लिहिणार, तो वाचणार. त्याचं पहिलं वाक्य होतं, "आमची म्हैस लाथ मारते." आता 'म्हैस' हा शब्द कुठल्याही क्रमाने बघितलं तर फार पुढचा! पण आपलंच वाक्य असल्यामुळे तो त्याला सगळ्यात आधी ओळखता आला, आणि मग गिरणीच्या पाटीपासून खताच्या पोत्यापर्यंत तो 'म' शोधत सुटला. नियमाने शिकवायचं हे खरं, पण मुलाच्या मनातला शब्द नियमात बसत नाही म्हणून टाळू नये.

घरी वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. आणि गोष्ट वाचून दाखवणं आईचं काम, परीक्षा न घेता. वाचता येत नाही म्हणून मुलाची गोष्ट थांबली तर शब्दसंग्रहही थांबतो.

शाळा दोनशिक्षकी, पहिली ते चौथी. बाईंकडे दोन वर्ग. मी ओमचं बोलायला गेले तर त्याच म्हणाल्या, "एकटा ओम नाही, असे चौघं आहेत." मग परिपाठाच्या आधी चौघांचा गट बसू लागला. दोन वर्ग सांभाळून त्यांनी हे नेटाने केलं, आणि माझ्या खोलीत जे झालं त्यापेक्षा जास्त काम तिथे झालं असं माझं प्रामाणिक मत आहे. चौघांपैकी दोघं शिमग्यापर्यंत वर्गाबरोबर आली. त्यांना फक्त थोडा जादा सराव हवा होता. तिसरी मुलगी ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली. घरी बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी, आणि काना-वेलांटी सुरळीत होते न होते तोच हंगाम संपला. बाईंनी तिच्याबरोबर एक कागद दिला: कुठली चिन्हं येतात, कुठल्यापासून सुरू करायचं. पुढच्या शाळेने तो पाहिला का, कळलं नाही. दर वर्षी कारखान्यांच्या हंगामाबरोबर शाळा बदलणाऱ्या मुलांसाठी असा कागद तरी सक्तीचा असावा, असं मला वाटतं.

ओम मात्र अपेक्षेइतका सरकला नाही. सरकला, पण प्रत्येक चिन्हाला इतरांच्या तिप्पट सराव लागला. एप्रिलमध्ये जोडाक्षरं नसलेला उतारा सावकाश वाचत होता, लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ तर सोडाच, काना गळत होता. एवढ्या नेमक्या मदतीनंतरही जो मागे राहतो, त्याची तपासणी करायची. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे, आणि प्रमाणपत्रासाठीची तपासणी साधारण आठ वर्षं पूर्ण झाल्यावर होते. तिसरीत ओमची तपासणी झाली आणि वाचनाची अध्ययन अक्षमता असल्याचं निदान झालं. पालकांना माझं एक सांगणं असतं: मूल मराठी माध्यमात असेल तर वाचनाची चाचणी मराठीतच घ्या म्हणून आग्रह धरा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेली 'डाली' ही चाचणी मराठीतही उपलब्ध आहे.

निदानाच्या दिवशी आईने विचारलं, "म्हणजे तेव्हा लगेच कागद मिळाला असता तर बरं झालं असतं?" नाही. कागदामुळे सवलती मिळतात, पुढे बोर्डाच्या परीक्षेला जादा वेळ मिळतो, ते हक्काचं आहे आणि घ्यावंच. पण निदानाची वाट पाहत बसलो असतो तर दुसरीचं अर्धं वर्ष आणि तिसरीची सुरुवात ओमने धडे पाठ करण्यात घालवली असती. निदान नसतानाही त्याला जे दिलं, निदानानंतरही तेच द्यायचंय, फक्त अधिक काळ. सध्या जोडाक्षरं चालू आहेत, रफाराशी भांडण आहे, आणि वडील संध्याकाळी गिरणी बंद केल्यावर त्याच्याबरोबर बसतात. तेही वाचतात.