‘तिथे ओळखीचे कोणी भेटले तर?’

दारू सोडू पाहणाऱ्यांना मी अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए. या दारू सोडू पाहणाऱ्यांच्याच संघटनेच्या मीटिंगला जाण्याचे सुचवते, तेव्हा बहुतेकांकडून, आणि लहान गावांतून येणाऱ्यांकडून तर हमखास, एकच प्रश्न येतो: तिथे ओळखीचे कोणी भेटले तर? या प्रश्नाच्या तळाशी काय असते, ते प्रकाशरावांच्या (नाव आणि तपशील बदलले आहेत) निमित्ताने सांगावेसे वाटते.

प्रकाशराव तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत वसुली अधिकारी होते. थकबाकीदारांच्या दारात रोज जाणारा माणूस, त्यामुळे त्यांना न ओळखणारे घर विरळाच. पिणे अनेक वर्षांचे आणि रोजचे होते, म्हणून मी त्यांना प्रथम मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. याबाबत मी आग्रही असते, कारण रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास पहिल्या काही दिवसांत हातापायांना कंप सुटणे, फिट येणे, भास होणे असे प्रकार घडून जिवावर बेतू शकते; मीटिंग हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नव्हे. उपचारांनी शरीर सावरले आणि पुढे टिकायचे कसे, हा प्रश्न उरला. मीटिंगचा पत्ता त्यांनी मिळवला होता. दर गुरुवारी संध्याकाळी ते स्कूटरवरून मीटिंग भरायची त्या शाळेपर्यंत जात, वर्गात दिवा लागलेला पाहत आणि परत फिरत.

“ओळखीचा कोणी आत असला, तर तो कशासाठी आलेला असेल?” मी विचारले.

“माझ्यासारखाच. ते कळतं मला. पण आत जाताना बाहेरच्या कोणी बघितलं तर?”

“तुम्ही पिता हे गावात कोणाकोणाला माहीत नाही?”

ते आठवू लागले. पानपट्टीवाला, शाखेतला शिपाई, ज्याने त्यांना कितीदा तरी घरी आणून सोडले होते, मेव्हणे, मुलीच्या वर्गशिक्षिका. नावे पुढे सरकेनात. “सगळ्यांनाच माहीत आहे, मॅडम.”

“मग लपवायचे काय राहिले?”

यावर ते बराच वेळ गप्प बसले. अशा वेळी समोरच्याला शब्द पुरवायचे नाहीत, हे मी कामातून शिकले आहे आणि त्या दिवशी त्याचे चीज झाले. ते म्हणाले, “आता लोक म्हणतात, हा पितो. मी तिथं गेलो आणि जमलं नाही, तर म्हणतील, याला सोडतासुद्धा आली नाही.”

त्यांची भीती दारुड्या म्हणून ओळखले जाण्याची नव्हतीच. प्रयत्न करून हरलेला माणूस म्हणून ओळखले जाण्याची होती. पिणे उघड होते, लपवलेली होती ती सोडण्याची इच्छा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या, त्रासाच्या मुळाशी असलेले अवास्तव हट्ट शोधणाऱ्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा भर असल्यामुळे मला त्यामागचा हट्ट लगेच दिसला: सोडायला निघालो, तर पहिल्याच प्रयत्नात सुटलीच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी. दारू सुटावी ही इच्छा निरोगी आहे. तिचा ‘च’ लावून हट्ट केला, की माणूस उंबरठ्यावरूनच मागे फिरतो. दारू सुटताना घसरणे पुष्कळांच्या वाट्याला येते. त्यातून घसरण्यामागचे प्रसंग कळतात. माणसाची किंमत त्याने ठरत नाही.

ए.ए.च्या मीटिंगचे मोल मला इथेच वाटते. 1935 मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन येथे दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झालेल्या या संघटनेत सभासद होण्याची अट एकच, दारू थांबवण्याची इच्छा. फी नाही, आणि पुन्हा प्यालेल्या माणसाचे सभासदत्व जात नाही. प्रकाशरावांना मी म्हटले, “ज्या हरण्याची तुम्हाला भीती वाटते, ते हरणे जिथे कोणालाच नवे नाही, अशी गावातली ती एकच खोली आहे.”

पुढच्या गुरुवारी ते आत गेले. मागच्या बाकावर बसले, एक शब्दही बोलले नाहीत, आणि कोणी बोलायला लावलेही नाही. अनेक वर्षे न पिता राहून नुकतेच घसरलेले एक गृहस्थ त्या दिवशी सर्वांसमोर बोलले आणि नंतर त्याच लोकांमध्ये बसून चहा प्यायले. “त्यांना कोणी काही म्हणालं नाही, मॅडम,” हे प्रकाशरावांनी मला दोनदा सांगितले.

ज्यांना पत्ता कुठे शोधावा हे कळत नाही, त्यांनी 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा 14416 या टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर विचारावे, किंवा पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात चौकशी करावी. गावात जाणे अगदीच अवघड वाटत असेल, तर सुरुवात शेजारच्या शहरातल्या किंवा ऑनलाइन मीटिंगने करावी. खुल्या मीटिंगला नातेवाइकांनाही बसता येते; बंद मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते. देवाचा उल्लेख ऐकून काही जण बिचकतात. तिथे देव ज्याच्या त्याच्या समजुतीवर सोडलेला असतो, आणि देव न मानणारेही तिथे येतात. एका मीटिंगवरून मत बनवू नये, कारण प्रत्येक समूहाचा स्वभाव वेगळा असतो. काही आठवडे सलग जाऊन पाहावे. बोलावेसे वाटले नाही, तरी निघण्यापूर्वी एखाद्या जुन्या सभासदाचा फोन नंबर मात्र जरूर घ्यावा, कारण तल्लफ मीटिंगचा वार पाहून येत नाही.

पत्नींनी आणि आईवडिलांनी घरातला माणूस तयार होण्याची वाट पाहत बसू नये. कुटुंबीयांसाठी अल-अनॉनचे समूह आहेत, आणि तिथे जाण्यासाठी घरातल्याने दारू सोडलेली असावी लागत नाही. प्रकाशरावांच्या पत्नी त्यांच्या आधीच जाऊ लागल्या होत्या, शेजारच्या शहरात, बसने, आणि कोणी विचारलेच तर कुठे जात आहोत ते सरळ सांगत होत्या.